यंत्राने घेतलेले नाम

अखंड हरिनाम सप्ताह बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, असा नेम आहे. परभणी जिल्ह्यात गोदाकाठच्या सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांत गावोगाव असे सप्ताह होतात. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथेवरचे भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर असा दिवस जातो. या सगळ्याखाली पहारा चालू असतो. गावातली माणसे वेळ वाटून घेतात. ज्याची पाळी असेल तो वीणा गळ्यात घालून नाम घेत राहतो, आणि पाळी संपली की ती स्वतःच्या गळ्यातून काढून थेट पुढच्याच्या गळ्यात घालतो. दोघे एकमेकांच्या पाया पडतात. त्याच मांडवात ध्वनिवर्धक असतो, भोंगे असतात, नामवंत गायकांचे अभंग साठवलेला पेनड्राइव्हही असतो. रात्री दोन-अडीचला पहारेकऱ्याचे डोळे मिटू लागले तरी यंत्र लावून त्याला झोपू द्यावे असे कुणी सुचवत नाही. यंत्राचा सूर बहुधा त्याच्यापेक्षा चांगला असतो, लय पक्की असते, आणि ते दमत नाही. तरीही तसे केले तर सप्ताह खंडला असेच गाव म्हणेल.

का, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. नाम आणि नामी यांत भेद नाही, नाम हेच देव, अशी नामदेवांपासूनची शिकवण आहे. मग ते नाम कुणाच्या कंठातून निघाले, की लोखंडी भोंग्यातून, याने काय बिघडते? नामाच्या ठायी जात, वय, विद्वत्ता पाहायची नाही असे म्हणणारी परंपरा यंत्रालाच तेवढे वगळते, ते कोणत्या न्यायाने? हा प्रश्न वारकऱ्यांपुरता नाही. ध्वनिमुद्रण आल्यापासून मशिदीत, चर्चमध्ये आणि निव्वळ संगीताच्या मैफलीतही तो वेगवेगळ्या वेषांत उभा राहिला आहे. संगीतात तो विशेष स्पष्ट दिसतो अमेरिकेतल्या जॅझ ऑर्गन त्रयीत. तिचे वाद्य प्रार्थनेच्या जागेतून आलेले, तिची कला त्या त्या क्षणी सुचण्यावर उभी, आणि तिची कीर्ती मात्र तबकड्यांनी जगभर नेलेली.

ऑर्गन त्रयी म्हणजे ऑर्गन, गिटार आणि ड्रम. खर्जातला वादक वेगळा नसतो. ते काम ऑर्गनवादकच डाव्या हाताने आणि पायांखालच्या पट्ट्यांवर करतो. हे वाद्य हॅमंड कंपनीचे. लॉरेन्स हॅमंड यांना त्याचे पेटंट १९३४ मध्ये मिळाले आणि पुढच्या वर्षी ते बाजारात आले. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनमध्ये नळ्यांतून हवा फुंकली जाते. हॅमंडमध्ये हवेचे कामच नाही. काठाला चढउतार असलेली धातूची चक्रे चुंबकांसमोर फिरतात, त्यातून विजेचा प्रवाह कमीजास्त होतो आणि ध्वनिवर्धकातून तो सूर होऊन बाहेर येतो. १९५० च्या दशकात आलेल्या बी-३ या नमुन्यात अशी ९१ चक्रे आहेत. ज्यांना नळ्यांचा ऑर्गन परवडत नव्हता त्या चर्चनी, त्यांत आफ्रिकी अमेरिकी वस्त्यांतल्या चर्चनीही, हे वाद्य घेतले. प्रवचनकाराच्या वाक्याला ऑर्गनने टेकू द्यायचा, मंडळींनी हुंकार भरायचा, त्या हुंकाराने प्रवचनकाराला पुढचे वाक्य सुचायचे, ही रीत तिथलीच. कीर्तनात मागे उभे असलेले टाळकरी ध्रुपद उचलतात तेव्हा काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

हे वाद्य खरा ऑर्गन आहे का, असा वादही अमेरिकेत सरकारदरबारी गेला होता. संघीय व्यापार आयोगाने कंपनीच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला. शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये श्रोत्यांपुढे नळ्यांचा ऑर्गन आणि हॅमंड आलटूनपालटून वाजवून परीक्षा घेतली गेली, आणि जाणकारही बऱ्याचदा चुकले. १९३८ मध्ये आयोगाने कंपनीला काही दावे करायला मनाई केली, पण ऑर्गन हे नाव वाद्याकडेच राहिले. आपल्याकडची पेटीही अशीच उपरी आहे. अलेक्झांडर दबँ यांनी १८४२ मध्ये पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे भारतात ती हाताच्या भात्याची झाली आणि कीर्तनात, भजनात, कव्वालीत बसली. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत पूर्णपणे लागू होती. मींड निघत नाही, श्रुती जुळत नाहीत, अशी कारणे होती. ती खोटी नव्हती. पण सप्ताहाच्या मांडवात पेटी नको असे त्या तीस वर्षांत कुणी म्हटले नाही. वाद्य मूळचे कुठले आणि त्याचा आवाज कशापासून निघतो, याला उपासनेने कधी फार महत्त्व दिलेले दिसत नाही. तेव्हा यंत्राला नकार मिळतो तो ते यंत्र आहे म्हणून नव्हे. पेटीही यंत्रच आहे.

शब्द पुन्हा उच्चारला जातो तेव्हा तो तोच असतो की दुसरा, या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी शेकडो वर्षे वाद घातला आहे, आणि तो वाद ध्वनिमुद्रणाला चपखल लागू पडतो. मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे. बोलणारा तो निर्माण करत नाही, फक्त प्रकट करतो. शबरस्वामींनी आपल्या भाष्यात दिलेला दाखला साधा आहे. ‘गाय’ या अर्थाचा शब्द कुणी आठ वेळा उच्चारला तर लोक आठ शब्द झाले असे म्हणत नाहीत, एकच शब्द आठ वेळा उच्चारला असे म्हणतात. आज ऐकलेला ‘ग’ कालचाच आहे हे आपण ओळखतो, आणि ही ओळख खोटी ठरवायला काही कारण नाही. हे मान्य केले तर भोंग्यातून आलेले विठ्ठलाचे नाम आणि पहारेकऱ्याच्या तोंडचे नाम एकच ठरते. प्रकट करणारे साधन कंठ असो की भोंग्यातला पडदा, प्रकट झालेले तेच.

नैयायिक याला तयार नाहीत. शब्द हा आकाशाचा गुण, तो उत्पन्न होतो आणि लगेच नाहीसा होतो. प्रत्येक ‘ग’ नवा असतो, आणि आपण ओळखतो ती त्यांची जात. पाण्यात उठलेली लाट पुढच्या लाटेला जन्म देत काठापर्यंत जाते, तसा पहिला शब्द दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला जन्म देतो आणि कानाशी पोहोचतो तो शेवटचा. यातून निघणारा निष्कर्ष गमतीचा आहे. न्यायमताप्रमाणे मांडवात पुढच्या रांगेत बसलेला माणूसही कीर्तनकाराचा मूळ शब्द ऐकत नाही, त्याचा वंशज ऐकतो. मग शेवटच्या रांगेतल्याने भोंग्यातून ऐकले काय आणि शेजारच्या गावातल्याने वर्षाने पेनड्राइव्हवरून ऐकले काय, फरक फक्त पिढ्यांचा उरेल. पण फरक एवढाच मानून चालत नाही, कारण मधे साखळी तुटते. भोंगा कीर्तनकाराच्या उच्चाराबरोबरच वाजतो. त्याने श्वास घेतला की भोंगाही थांबतो. ध्वनिमुद्रणात मात्र शब्द संपतो, त्याच्या जागी तबकडीवर खाचा किंवा चिपमध्ये विजेचे अंक राहतात, आणि कधीतरी भलत्याच माणसाने कळ दाबली की नवा शब्द उत्पन्न होतो. न्यायाच्या भाषेत त्या नव्या शब्दाचे निमित्त कळ दाबणारा आहे, गाणारा नाही.

मीमांसकांची बाजूही वाटते तितकी यंत्राच्या सोयीची नाही. एक तर नित्यत्व आहे ते वर्णांना. शंखाचा, मृदंगाचा नाद हा निव्वळ ध्वनी, तो उत्पन्न होतो आणि विरतो. म्हणजे या मतानेही नामातली अक्षरे टिकली तरी चाल, लय आणि पखवाजाचा बोल टिकत नाही. शब्द नसलेल्या ऑर्गन त्रयीला तर मीमांसेकडून काहीच आधार मिळत नाही. दुसरे म्हणजे शब्द नित्य असला तरी कर्माचे फळ शब्दाला लागत नाही, कर्त्याला लागते. मंत्र कितीही अनादि असो, तो म्हणायला अधिकारी माणूस लागतो. पाठ गुरूच्या मुखातून घ्यायचा, पाहून वाचायचा नाही, इथपर्यंत हा आग्रह होता. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांची यादी आहे, तीत लिहिलेले पाहून म्हणणारा येतो. त्याच यादीत गाऊन म्हणणाराही येतो, त्यामुळे तिच्याप्रमाणे सगळे कीर्तनकार नापास होतील. संतांनी ती यादी बाजूला ठेवली हे बरे झाले. पण म्हणणारा हवा, हा तिच्यामागचा आग्रह त्यांनी सोडला नाही.

कर्त्याबद्दलचे सर्वांत नेमके विवेचन मात्र मीमांसेत किंवा न्यायात नाही, संगीतशास्त्रात आहे, आणि ते मराठवाड्यातच लिहिले गेले. देवगिरीच्या यादवांच्या, राजा सिंघणाच्या, पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. तो नादाचे दोन प्रकार मानतो. अनाहत नाद कुणी न छेडता असतो. तो योग्यांचा, मुक्ती देणारा, पण त्यात रंजकता नाही. आहत नाद आघाताने उपजतो. तो लोकांना रिझवतो आणि भवबंधही तोडतो, म्हणून ग्रंथ त्याचाच विचार करतो. या आहत नादाची उत्पत्ती शार्ङ्गदेव आतून सुरू करतो: आत्म्याला बोलावेसे वाटते, तो मनाला हलवतो, मन देहातल्या अग्नीला आणि अग्नी वायूला, आणि तो वायू वर चढत नाभी, हृदय, कंठ, मस्तक, मुख या ठिकाणी नाद प्रकट करतो. आजच्या शरीरशास्त्राला ही साखळी मान्य होणार नाही. पण तिचे पहिले पाऊल महत्त्वाचे आहे. नादाच्या मुळाशी बोलण्याची इच्छा आहे. यंत्रातून नाद निघतो तेव्हा आघात आहे, वायू आहे, कानाला सुखही आहे, फक्त इच्छा त्या वेळची नाही. ती मागे केव्हातरी होऊन गेली.

मुस्लिम न्यायशास्त्रज्ञ जवळजवळ याच जागी दुसऱ्या वाटेने पोहोचले. कुराणात काही आयती अशा आहेत की त्या पढल्या किंवा ऐकल्या की सजदा करावा लागतो. हनफी पंथाच्या जुन्या ग्रंथांत प्रश्न येतो: डोंगरावरून उमटलेल्या प्रतिध्वनीतून किंवा शिकवलेल्या पक्ष्याच्या तोंडून तशी आयत कानावर पडली तर? उत्तर असे की सजदा बंधनकारक नाही, कारण पढणाऱ्याला समज आणि हेतू हवा. ग्रामोफोन आणि टेप आल्यावर अनेक मुफ्तींनी त्यांना प्रतिध्वनीच्या आणि पक्ष्याच्या रांगेत बसवले. अजानही टेपवर लावून चालत नाही, ती दर वेळी कुणीतरी द्यावी लागते, असेच बहुतेकांचे मत आहे. नमाजातल्या ध्वनिवर्धकावर मात्र विसाव्या शतकात बराच वाद होऊन अखेर तो सर्वत्र रूढ झाला, कारण इमाम तिथे त्या क्षणी पढत असतो. परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो. त्या दिवसांत बाजारात कव्वालीच्या ध्वनिफिती दुकानोदुकानी वाजतात आणि दर्ग्यात लोक कव्वाल ऐकायला बसतात. दोन्ही ठिकाणी पेटी आहे, ठेका आहे, कलामही तेच. दाद मात्र एकाच ठिकाणी पोहोचते, आणि दाद पोहोचली की कव्वाल ती ओळ पुन्हा घेतो, फिरवून घेतो, सोडत नाही.

कॅथलिक चर्चने हा भेद लेखी नियमातच मांडला. ३ सप्टेंबर १९५८ रोजी रोमहून पवित्र संगीताविषयी एक सूचना निघाली. तीत विजेवर चालणाऱ्या ऑर्गनला नाइलाजाने जागा दिली आहे: नळ्यांचा ऑर्गन मिळत नसेल तर, धर्माधिकाऱ्याच्या संमतीने, तात्पुरता चालेल. ग्रामोफोन, टेप, रेडिओ, आपोआप वाजणारा ऑर्गन यांना मात्र उपासनाविधीत पूर्ण बंदी. म्हणजे हॅमंड चालेल पण त्याची तबकडी चालणार नाही. कृत्रिम वाद्य आणि मुद्रित संगीत यांत रोमने केलेली ही निवड, पेटी चालवून घेणाऱ्या आणि पेनड्राइव्हला पहारा न देणाऱ्या सप्ताहाच्या निवडीशी तंतोतंत जुळते. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसताना.

त्याच वर्षी, २५ फेब्रुवारीला, जिमी स्मिथने न्यूयॉर्कमध्ये एक ध्वनिमुद्रण केले होते. बी-३ ला जॅझमध्ये मानाचे स्थान मिळवून देणारा वादक तो. १९५६ मध्ये ब्लू नोट कंपनीने त्याची पहिली तबकडी काढली. त्याच्या त्रयीत गिटारवर थॉर्नेल श्वार्ट्झ, नंतर एडी मॅकफॅडन, आणि ड्रमवर डॉनल्ड बेली असे. फेब्रुवारी १९५८ च्या त्या बैठकीत त्रयीपेक्षा अधिक वादक होते, आणि तिथे वाजवलेल्या वीस मिनिटांच्या रचनेला स्मिथने नाव दिले ‘द सर्मन’, म्हणजे प्रवचन. रचना ब्लूजची. एकेक वादक पुढे येऊन आपले म्हणणे मांडतो, मागे ऑर्गन हुंकार देत राहतो. चर्चमधल्या प्रवचनाचा सगळा आकार तिच्यात आहे, फक्त मंडळी नाहीत. वादकांनी एकमेकांनाच मंडळी मानून वाजवले आहे. याच्या शेजारी स्मिथच्या त्रयीच्या दोन प्रत्यक्ष मैफलींच्या तबकड्या ठेवाव्यात: ऑगस्ट १९५६ मध्ये डेलावेअरमधल्या क्लब बेबी ग्रँडमधली आणि नोव्हेंबर १९५७ मध्ये हार्लेमच्या स्मॉल्स पॅरडाइजमधली. इथे श्रोते ऐकू येतात, आणि त्यांच्यामुळे वादन कुठे वळते तेही ऐकू येते.

जॅझचे रसिक साधारणपणे अशा मैफलीच्या तबकड्यांना जास्त ‘जिवंत’ मानतात. हे मत तपासून घ्यायला हवे. क्लबमधली तबकडी ऐकणाऱ्याला श्रोत्यांचा प्रतिसाद ऐकू येतो, पण त्याचा स्वतःचा प्रतिसाद वादकाला ऐकू जात नाही. तो दुसऱ्यांचे ऐकणे ऐकतो. मुद्रणाच्या क्षणी ती मैफल जिवंत होती, तबकडीवर ती आणि स्टुडिओतली रचना सारख्याच पक्क्या झालेल्या आहेत. आणि उत्स्फूर्त वादन पक्के झाले की त्याची जात बदलते. त्या रात्री स्मिथने एका वळणावर डावीकडे जायचे ठरवले, उजवीकडेही जाता आले असते. तबकडीवर तो दर वेळी डावीकडेच जातो. पुढच्या पिढीचे विद्यार्थी ते वळण सुरावटीसकट पाठ करतात. एका रात्रीचा निर्णय असा संहिता होतो. जॅझच्या शाळांत गुरूच्या बरोबरीने तबकड्यांचा मान आहे तो या संहितापणामुळे, जिवंतपणामुळे नव्हे.

मराठी रंगभूमीकडे स्वतःची ऑर्गन त्रयी होती, हे या संदर्भात फारसे आठवले जात नाही. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत पायांनी भाता मारायचा ऑर्गन, सारंगी आणि तबला अशी साथ असे: ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा. पद रंगले की ‘वन्समोअर’ येई आणि तेच पद पुन्हा होई, पण तसेच्या तसे होत नसे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे मिळत. रात्रभर चालणाऱ्या नाटकातले, श्रोत्यांनी लांबवलेले पद त्या तीन मिनिटांत बसवायचे म्हणजे त्याचा सांगाडा करायचा. आज बालगंधर्व म्हणून जे ऐकले जाते ते बरेचसे हे सांगाडे आहेत. त्यावरून त्यांच्या गाण्याची थोरवी कळते. त्यांच्या मैफलीची थोरवी अनुमानानेच ठरवावी लागते, आणि ती अनुमाने ज्यांनी नाटके पाहिली त्यांच्या आठवणींवर बेतलेली असतात. १९३१ च्या ‘कान्होपात्रा’त त्यांनी अभंग गायले. मंगळवेढ्याच्या त्या संत स्त्रीचे शब्द नाटकगृहात गाताना भक्ती होती की अभिनय, हा प्रश्न तेव्हाही होता. तबकडीने त्यात आणखी एका पायरीची भर घातली.

भक्तीच्या शास्त्रात याला उत्तर देण्याची सोय आहे. भागवतातल्या नवविधा भक्तीत श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे. दोन्हींचे अधिकार वेगळे, दोन्हींची उदाहरणेही वेगळी: श्रवणाचे परीक्षित, कीर्तनाचे शुक. मुद्रित नाम श्रवणाचा विषय होऊ शकते, कीर्तन होऊ शकत नाही, असे म्हटले तर सप्ताहाचा नेम, मुफ्तींचे मत आणि रोमची सूचना या तिन्हींचा एकदम उलगडा होतो. पहारा हा कीर्तनाचा प्रकार आहे, श्रवणाचा नाही. तिथे नाम ऐकले जावे ही अपेक्षाच नसते. रात्री अडीचला ऐकायला कुणी नसते, असले तर झोपलेले असतात. तिथे नाम घेतले जावे एवढीच अपेक्षा असते, आणि घेणे ही कर्त्याची क्रिया आहे.

यावर आक्षेप येतो तो परीक्षितावरूनच. तो सात दिवस ऐकत बसला, पण मुकाट्याने नव्हे. तो मधेमधे प्रश्न विचारतो आणि शुक उत्तर देतात. भागवताचा पुष्कळ भाग त्या प्रश्नांमुळे वाढला आहे. तबकडीला प्रश्न विचारता येत नाही. मग तिचे श्रवण तरी खरे श्रवण कसे? हा आक्षेप वजनदार आहे, पण तो मानला तर पोथीही बाद होते. पोथीलाही प्रश्न विचारता येत नाही, आणि वारकरी परंपरा तर पोथी डोक्यावर घेऊन चालते. तेव्हा तबकडीला कीर्तनकाराच्या जागी न बसवता पोथीच्या शेजारी ठेवावे हे अधिक सयुक्तिक. ती आवाजाची पोथी आहे. पोथीसारखीच ती जपते, पाठभेद मिटवते, दूर नेते, आणि मूळ सांगणाऱ्यापासून सुटी करते. फरक उरतो तो एक. पोथी उघडून कुणी वाचली नाही तर ती गप्प राहते. पारायणाला वाचणारे बसावे लागतात. तबकडी रिकाम्या खोलीतही वाजते. पहाटे देवळाच्या भोंग्यावरून मुद्रित हरिपाठ लावून पुजारी दुसऱ्या कामाला जातो तेव्हा, काटेकोरपणे पाहिले तर, कीर्तन होत नाही. श्रवण होते की नाही हे गावात जागे असलेल्यांवर अवलंबून आहे.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. गोदाकाठी त्यांचे मंदिर आहे. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करत त्यांनी नाम घेतले अशी परंपरा सांगते, आणि त्यांच्या अभंगांत जाते वारंवार येते. जात्यावरची ओवी ही कीर्तनाची सर्वांत टोकाची अवस्था म्हणता येईल: श्रोता नाही, मांडव नाही, साथीला दगडाची घरघर, आणि गाणारीचे हात कामात. दळण संपले की ओवी संपली. विजेच्या गिरण्या आल्या तशी ही ओवी मुकी होत गेली. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांसह महाराष्ट्रभर हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि १९९० च्या दशकात बर्नार बेल यांच्या साथीने त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसचे आवाजही त्या संग्रहात आहेत. कीर्तन आणि श्रवण हा भेद इथे कसाला लागतो. ओवी ऐकण्यासाठी कधी नव्हतीच. ती गाण्यासाठी होती. तिचे ध्वनिमुद्रण म्हणजे जिला श्रोता नव्हता तिला पहिल्यांदा श्रोता मिळणे. काहींच्या मते यात ओवीचा जीव गेला. पण जाते थांबल्याने ती आधीच संपत होती, मुद्रणाने नव्हे. श्रवणाच्या बाजूने इथे निव्वळ लाभ आहे. कीर्तनाच्या बाजूने पाहिले तर संग्रहातल्या लाख ओव्या मिळूनही एक पहारा भरत नाही, आणि तसा त्या संग्रहाचा दावाही नाही.

संगीताच्या निकषावर हा भेद सुटत नाही, हे वीणेवरून सर्वांत चांगले दिसते. शास्त्रीय मैफलीत आता विजेचा तानपुरा सर्रास चालतो. तो सतत एकच आधारस्वर देतो, त्यात सुचण्यासारखे काही नाही, म्हणून माणसाच्या जागी यंत्र आल्याचे गायकाला वावडे वाटत नाही. वारकऱ्याची वीणाही मोकळ्या तारांवर तेवढेच करते. संगीत म्हणून पाहिले तर सप्ताहातल्या सगळ्या वाद्यांत यंत्राने बदलायला सर्वांत सोपी तीच. पखवाजाचा हात यंत्राला साधायचा नाही, पेटीवाल्याची नजर साधायची नाही, वीणेचा झंकार सहज साधेल. आणि नेम आहे तो नेमका वीणेचाच. पखवाजवाला चहाला उठू शकतो.

यंत्र आणि माणूस एकत्र येतात तिथे काय मानावे, हेही याच भेदाने ठरते. जॅझमध्ये एक वाद्य मुद्दाम गाळलेल्या तबकड्या मिळतात. शिकणारा ऑर्गनवादक अशा तबकडीतल्या गिटार-ड्रमच्या साथीवर तासन्‌तास वाजवतो. ती त्रयी नसते, कारण तो चुकला तर ड्रमवाला सावरून घेत नाही. पण त्याचे स्वतःचे वाजवणे खरे असते. गावातल्या देवळात संध्याकाळी चार म्हातारी माणसे मुद्रित हरिपाठ लावून त्याच्यामागून म्हणतात, तेव्हा यंत्राचा वाटा श्रवणाचा आणि त्यांचा कीर्तनाचा. मधेच वीज गेली आणि ते पुढची कडवी स्वतःच म्हणत राहिले, तर हरिपाठ खंडला असे कुणी मानत नाही. वीज असताना ते गप्प बसून नुसते ऐकत राहिले, तर त्या दिवशी श्रवण झाले, हरिपाठ म्हणायचा राहिला.